पुढची सीट तुमची

१२ मार्च

विहीणबाई,

सगळ्यांत आधी कोण आलं असेल सांगा. न्हावी. गिऱ्हाईकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो दुकानातून पळत आला, आणि त्याच्या मागोमाग ते गिऱ्हाईकही आलं, गळ्यात पांढरं कापड बांधलेलं. दोघांनी गाडीभोवती एक फेरी मारली. न्हावी म्हणाला, "आजी, ही आली कधी? आवाज तर आलाच नाही." मी म्हटलं, "हीच तर गंमत आहे, ही आवाज करतच नाही." त्यावर ते गिऱ्हाईक म्हणालं, "मग बिघडलेली असेल." तोंडाला फेस लागलेला असतानाही काही लोकांना बोलल्याशिवाय राहवत नाही बघा.

मग बेकरीवाली आली, मग वरच्या मजल्यावरची शिक्षिका आली, आणि माझा चहा निवून पाणी झाला. पण सांगायचं राहिलंच. तुमच्या लेकीनं गाडी घेतली. जुनी आहे, पण चांगली वापरलेली आहे. हायब्रिड म्हणतात. म्हणजे पोटात इंजिनही आहे आणि बॅटरीही आहे, कधी हे चालतं कधी ते. आमच्या चिरंजीवांनी मला समजावून सांगितलं, की ब्रेक दाबला की ती स्वतःच वीज साठवून ठेवते. थांबता थांबता कमावते म्हणा ना. माझ्या ओळखीत असं एकही माणूस नाही. नातीनं तिचं नाव माऊ ठेवलं आहे, कारण ती पावलं न वाजवता मागून येते. परवा माझ्या मागून आली तर मी हातातली बादली सोडून दिली.

गाडी आधी एका संगीत शिकवणाऱ्या बाईंची होती. त्यांचा एक मोठा कुत्रा आहे. कुत्रा त्यांनी ठेवून घेतला, केस तेवढे आम्हाला दिले. सूनबाई म्हणते सगळं घरीच करायचं, साफसफाई, तेलबदल, फिल्टर, सगळं. सुट्टीच्या दिवशी ती माझ्या मुलाचा जुना शर्ट घालून गाडीखाली शिरते आणि तो बॅटरी धरून उभा राहतो. बॅटरी म्हणजे हातातली, उजेडाची. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत उजेड मारतो, घरी आल्यावर गाडीखाली मारतो.

आता कामाचं सांगते. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहायला बसले आहे, नाहीतर माझी शाळा तिसरीतच सुटली हे तुम्हाला माझ्या अक्षरावरून कळलंच असेल. आम्ही गाडी बघायला गेलो तेव्हा सूनबाईनं इंजिन नंतर बघितलं. आधी तिनं मागचं दार उघडलं, सीट किती उंच आहे ते वितीनं मोजलं आणि म्हणाली, "आत्याचा गुडघा एवढा वाकेल." तिथंच मला कळलं गाडी कोणासाठी आहे ते. लग्न झाल्यापासून ती तुमच्याकडे येते जाते, पण तुमचा पाय या घराला एकदाही लागलेला नाही. नात पाच वर्षांची झाली. तेव्हा तुम्ही आणि तुमच्या वन्संनी पिशव्या भरून ठेवा. दिवस सांगा, ती न्यायला येईल.

तुमची विहीण

२० मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. वन्संना मोठ्यानं वाचून दाखवलं. न्हाव्यापाशी त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांनी मला ते पान परत वाचायला लावलं आणि परत तितक्याच हसल्या.

लेकीनं गाडी घेतली हे चांगलं झालं. ती घरी दुरुस्त करते याचं मला नवल नाही. शाळेत असताना तिनं माझा टाईपरायटर उघडला होता. परत जोडला तेव्हा एक स्क्रू उरला. तो कुठला ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. टाईपरायटर मात्र नंतर पुष्कळ वर्षं चालला. तरी जावईबापूंना सांगा, स्क्रू एका वाटीत ठेवत जा म्हणावं.

येण्याचं म्हणाल तर सध्या जमेलसं दिसत नाही. छताचं काम काढायचं आहे. टोमॅटोची रोपं अजून लहान आहेत, त्यांना रोज पाणी लागतं. शिवाय शेजारीण बाहेरगावी जाणार आहे, तिच्या कोंबड्या माझ्याकडे आहेत. वन्संची यायची फार इच्छा आहे, पण त्या एकट्या कशा येणार. पुढं बघू.

नातीला पापा. माऊ हे नाव आवडलं.

आपली,
विहीण

२ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र मी सूनबाईला दिलं. तिनं ते वाचलं, घडी घातली, "हं" म्हणाली आणि गाडीखाली गेली. मग बराच वेळ बाहेर आली नाही. तेल बदलायचं होतं हे खरं आहे, पण तेल काय इतका वेळ घेत नाही.

तेलाचं ऐका. गाडी आधी लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकांना मागून विटा लावल्या, मग खालचा बोल्ट सोडला. काळं तेल बाहेर आलं ते असं, जसा करपलेला पाक. ते सगळं एका कॅनमध्ये भरून माझ्या मुलानं तेल गोळा करतात तिथं नेऊन दिलं. आता या गाडीचं एक वैशिष्ट्य असं की चावी जवळ असली आणि कोणी चुकून बटण दाबलं, तर ती गप्प असते पण जागी असते, आणि मनात आलं की तिचं इंजिन आपणहून सुरू होतं. म्हणून काम करताना चावी लांब ठेवायची. हे काम माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी मी चावी खिशात घालून सगळ्यांना चहा द्यायला गाडीजवळ गेले. सूनबाई खालूनच म्हणाली, "आई, चावी कुठंय?" मी म्हटलं, "माझ्याजवळ, नीट सांभाळून ठेवली आहे." ती म्हणाली, "म्हणूनच विचारतेय." तेव्हापासून त्यांनी काम काढलं की मी चावी घेऊन बेकरीत जाऊन बसते. बेकरीवालीला वाटतं मी तिच्यासाठी येते.

दुसरा नियम नारंगी तारांचा. त्या जाड नारंगी तारांना कोणीही हात लावायचा नाही, त्यांत फार वीज असते. ते काम त्यातलं शिकलेल्या माणसाचंच. सूनबाईनं नातीला, मला आणि आपल्या नवऱ्याला एका रांगेत उभं करून हे म्हणवून घेतलं.

तिची हत्यारं बघाल तर हसाल. दातांच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या करते ना, तिथली जुनी लांब दांड्याची छोटी आरशी आणली आहे. दाढेमागं बघायची ती. ती आरशी घालून ती इंजिनाच्या पाठीमागं बघते आणि नवऱ्याला म्हणते, "उजेड जरा डावीकडं. आ करायला सांगू का तिला?"

मी पण हातावर हात ठेवून बसलेली नाही. सीटना लोकरीची आवरणं विणली. निळी, कडेला पांढरी वेल. मागच्या सीटच्या अंगाला एक जाळी होती, कुत्र्याचे केस अडकलेली, दिसायला अगदी गचाळ. तिच्यावर वेगळा कप्पा विणला, त्यावर फूल काढलं आणि असा घट्ट बसवला की हलणार नाही. सगळ्यांत छान तोच झाला आहे.

पण आता एक वाईट बातमी. गेल्या आठवड्यापासून माऊ मागून घूं घूं करायला लागली. आत पंखा आहे म्हणतात, तो जोरजोरात फिरतो. मग समोर पिवळी खूण पेटली. सूनबाईनं पुस्तक काढून बघितलं, मोठी बॅटरी तापते आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं गाडी न उघडताच सांगितलं, "जुन्या हायब्रिडचं असंच असतं, बॅटरी गेली समजा." नवी बॅटरी घालणं काही आमच्या आवाक्यातलं नाही. संगीताच्या बाई भल्या आहेत, महिनाअखेरपर्यंत गाडी परत घेईन म्हणाल्या आहेत. तर तसं करायचं नवराबायकोचं ठरतंय.  काल सूनबाईनं सूपमध्ये मीठ दोनदा घातलं आणि आम्ही तिघांनी ते मुकाट्यानं प्यायलं.

आता तुमच्याशी भांडते. छत, रोपं आणि कोंबड्या. विहीणबाई, मी शिकलेली नाही, पण एका दमात तीन कारणं आली की खरं कारण चौथंच असतं एवढं मला समजतं. तुमच्या गावी लग्न झालं तेव्हा आमच्याकडून मानपानात काही कमी पडलं का? मला आठवतं, वन्संना आम्ही खिडकीजवळ बसवलं होतं आणि वाऱ्यानं त्यांचे केस विसकटले होते. तेच असेल तर मी त्यांची माफी मागते. पण तुमची लेक रोज त्या मागच्या सीटकडं बघते. हे मला बघवत नाही.

तुमची विहीण

९ एप्रिल

विहीणबाई,

घाईत लिहीत आहे, कारण पत्र महिनाअखेरच्या आत पोचायला हवं.

तुमच्या घरी मी आले नाही तरी लेकीनं पाठवलेले फोटो पाहिले आहेत. तुमच्या टीव्हीवर विणलेलं कापड आहे. मिक्सरला टोपी आहे. फोनला झालर आहे. इस्त्रीलासुद्धा काहीतरी घातलेलं आहे. आता मागच्या सीटच्या जाळीवर तुम्ही फुलाचा कप्पा घट्ट बसवला आणि त्यानंतर बॅटरी तापायला लागली. आमच्या कचेरीत माझ्या टेबलाशेजारी फोटोकॉपीचं यंत्र होतं. त्याच्या बाजूच्या जाळीला लागून कोणी फायली रचल्या की ते आधी घूं घूं करायचं आणि मग बंद पडायचं. यंत्राला जाळी शोभेसाठी ठेवत नाहीत, विहीणबाई. ते त्याचं नाक असतं. तुम्ही माऊचं नाक बांधलं आहे असं मला वाटतं. आधी कप्पा काढा, जाळीच्या आत लेकीला बघायला सांगा आणि मगच गाडी परत द्यायचं ठरवा. गॅरेजवाल्याला मी ओळखत नाही, तुम्हाला ओळखते.

आता दुसरं. मानपानाचं मनातून काढून टाका. वन्संना खिडकीजवळची जागा फार आवडली होती, केस त्यांचे घरी बसूनही विसकटतात.

मला गाडी लागते. एवढंच कारण आहे. आमच्या गावातून खाली उतरायचा रस्ता नुसता वळणांचा. पहिल्या वळणाला तोंडाला पाणी सुटतं, दुसऱ्याला डोळ्यांपुढं काळं येतं, तिसऱ्याला काय होतं ते लिहीत नाही. लहानपणापासून आहे. नोकरीसुद्धा मी चालत जाता येईल अशी धरली. हे बिचारे गेले तोपर्यंत सगळीकडे एकटे जायचे आणि मला तिथलं वर्णन करून सांगायचे. लेक लहान असताना आम्ही कुठंच गेलो नाही. तिला वाटायचं आईला घरातच करमतं. मी ते तसंच वाटू दिलं. कचेरीत सगळे मला घाबरायचे. अशा बाईनं पिशवीत तोंड घालून लेकीच्या सासरी उतरायचं हे मला नको वाटलं.

हे वन्संना ठाऊक आहे आणि आता तुम्हाला. लेकीला सांगू नका. आई म्हणून माझा एवढा तरी रुबाब राहू द्या.

वन्सं म्हणतात, त्यांना काही होत नाही, त्यांचं पोट लोखंडाचं आहे. हे त्या दर वेळी मला ऐकवतात.

आपली,
विहीण

१७ एप्रिल

विहीणबाई,

तुम्ही कचेरीत काय होतात ते मला आता समजलं.

पत्र आलं तसा मी कप्पा काढला. कोणाला न सांगता, गुपचूप. मग म्हटलं, गुपचूप काढून काय उपयोग, आत बघायचं तर सूनबाईलाच आहे. तिला हाक मारली. कप्पा हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिनं कप्प्याकडं बघितलं, जाळीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आई, हे कधी घातलंत?" मी म्हटलं, "पिवळी खूण लागायच्या आधी." ती सीटवर पडून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा मुलगा धावत बाहेर आला, त्याला वाटलं मी गाडीला काही केलं. केलंच होतं म्हणा.

जाळी खिट्ट्यांवर असते, ओढली की निघते. तिच्यामागं एक पातळ फिल्टर आहे. त्यात कुत्र्याच्या केसांची गादी झाली होती आणि वरून माझ्या लोकरीचा निळा थर. सूनबाईनं कवळी घासायचा ब्रश आणला, छोटी आरशी घालून कोपरे बघितले आणि सगळं साफ केलं. त्यापलीकडं नारंगी तारा आहेत म्हणून त्यापुढं हात घातला नाही. नंतर गाडी एवढी लांब फिरवून आणली की आम्ही पुलापर्यंत गेलो. पंखा गप्प. पिवळी खूणही परत दिसली नाही. गाडी राहिली.

गॅरेजवाल्याला मी जाता जाता सांगितलं. तो म्हणाला, "मी म्हटलंच होतं बघून घ्या." काय म्हणावं आता त्याला.

आता रुबाबाचं. मी तिला सांगितलेलं नाही. शपथ घेऊन सांगते, मी तोंडानं एक शब्द बोलले नाही. स्वयंपाकघरात फक्त एवढं विचारलं, की एखाद्याला गाडी लागत असेल, तर गाडीत काय काय दुरुस्त करता येतं. तिच्या हातात पाना होता. तो तिनं खाली ठेवला. म्हणाली, "आईला?" मी गप्प बसले. पण मी गप्प बसले की काय होतं हे या घरात सगळ्यांना माहीत आहे, कारण मी कधी बसत नाही.

ती नळाखाली हात धूत राहिली. साबण जाऊन किती वेळ झाला तरी धूत होती. मग म्हणाली, "मला वाटायचं तिला हे लग्न पटलं नाही. मी माझं मी ठरवलं, तिला नुसतं कळवलं. म्हणून ती इथं येत नाही, असं मी धरूनच चालले होते." माझा मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळं नाही? अगं, मी दर वेळी त्यांच्याकडे जाताना नवे बूट घेतो." विहीणबाई, तुमच्याकडे आला की हा दिवसभर ओसरीवर बसून राहतो, ते बूट चावतात म्हणून. तुम्हाला काय वाटलं होतं?

आणि मग काय विचारता. दुसऱ्या दिवसापासून माऊचा आजार संपला आणि तुमच्यावर उपचार सुरू झाले. समोरच्या कप्प्यामागं आणखी एक फिल्टर असतो, माणसांच्या हवेचा. तो काढला तर त्यात वाळकी पानं, केस आणि एक पीस. वास असा की मलासुद्धा मळमळलं. नवा घातला. आरशाला लटकवलेला अत्तराचा पुठ्ठा होता तो तिनं टाकून दिला, मला आवडायचा तरी. सीट घासल्या, काचा आतून पुसल्या, टायरमधली हवा पुस्तकात बघून बरोबर केली. लोकरीची आवरणं राहू दिली आहेत. कप्पा मात्र मी माझ्या उशीला लावला.

पण खरी गंमत वेगळीच. गाडी लागते ती झटक्यांनी, असं तिचं म्हणणं. ही गाडी पाय उचलला की आपणहून सावकाश मंदावते, ब्रेक जवळजवळ लागतच नाही, पण ते जमायला सवय हवी. म्हणून रोज संध्याकाळी ती मला पुढं बसवते आणि माझ्या मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं देते. वळणावर पाणी सांडलं की तिची चूक. पहिल्या दिवशी मी घरी आले ती अशी, की न्हाव्यानं विचारलं, "आजी, विहिरीत पडलात?" काल नुसती एक बाही भिजली. आज कोरडी आले. नात मागून ओरडते, "सांडलं, सांडलं," सांडलेलं नसलं तरी.

तेव्हा आता तुमच्याकडे काही कारण राहिलेलं नाही. छत कोसळत नसेल तर राहू द्या, रोपांना शेजारी पाणी घालेल, कोंबड्यांचं वन्संना विचारा. पुढच्या शनिवारी ती पहाटे निघेल, रस्ता मोकळा असतो तेव्हा. पुढं बसलं आणि लांबवर बघितलं की कमी लागतं म्हणे. इतके दिवस पुढं मी बसत होते आणि मला तिथून उठायला जिवावर येतं, खोटं कशाला बोलू. पण पुढची सीट तुमची.

तुमची विहीण

६ मे

विहीणबाईंना नमस्कार.

सुखरूप पोचलो. कोंबड्या सगळ्या आहेत, रोपं जराशी वाकली होती, पाण्यानं सावरली. छताला काही झालेलं नव्हतंच.

तुमच्याकडचे आठ दिवस कसे गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडे येतानाचं मात्र तुम्ही पाहिलं नाही, ते लिहिते. वन्संनी तोंड शिवून घ्यायला सांगितलं आहे म्हणून त्या झोपल्यावर लिहीत आहे.

आम्ही निघालो तेव्हा मी पिशवी मांडीवर उघडी धरून बसले होते. लेकीनं पिशवीकडं बघितलं नाही. मी तिच्याकडं बघितलं नाही. पहिलं वळण गेलं. तोंडाला पाणी सुटलं नाही. दुसरं गेलं. गाडी वळते आहे की रस्ता वळतो आहे कळत नव्हतं. मी पहिल्यांदा बघितलं की आमच्या गावाखाली दरी आहे. इतकी वर्षं तिथं राहते, डोळे मिटूनच उतरले होते. हे मला सांगायचे, की खाली एक तळं दिसतं. मला वाटायचं रंगवून सांगतात. तळं आहे.

मागून वन्सं बोलत होत्या की मी सांगत होते ना, सगळं मनाचं असतं. त्यांनी बिस्किटाचा पुडा उघडला होता आणि खाली बघून तुमच्या आवरणावरच्या वेलीचे टाके मोजत होत्या, कसे घातलेत ते शिकायला. चौथ्या वळणाला त्यांचं बोलणं थांबलं. मग म्हणाल्या, "वहिनी, ती पिशवी जरा देता का?" मी दिली. लोखंडाच्या पोटाबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. लेक म्हणाली, "आत्या, फिल्टर नवा आहे हं," आणि आम्ही दोघी पुढं बघत राहिलो, कारण एकमेकींकडं बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते. शेवटच्या मोठ्या वळणावर मलाही ढवळलं. मी काही बोलले नाही, हातसुद्धा हलवला नाही. गाडी आपणहून मंद झाली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. लेक म्हणाली, "मला जरा टायर बघायचा आहे." ती उतरली आणि माझ्या बाजूच्या चाकापाशी वाकून बसली. मीही उतरले आणि गार हवेत उभी राहिले. वन्सं आत डोळे मिटून होत्या. लेकीनं टायर पुष्कळ वेळ बघितला. हातानं दाबून बघितला, आजूबाजूचे खडे काढले. मला बरं वाटायला लागल्यावरच तिचं बघून झालं. "ठीक आहे," म्हणाली. मी म्हटलं, "चांगला दिसतोय." मग आम्ही बसलो.

तेव्हा तुम्ही तिला सांगितलं नाहीत हे मला कळलं, आणि कसं नाही सांगितलंत तेही कळलं. रुबाब शाबूत आहे. तुमचे आभार मानत नाही, तुम्ही त्याचंही एखादं आवरण विणाल.

परत सोडायला दोघं आली तेव्हा मी जावईबापूंना घरात बसवलं. बूट दारातच काढून घेतले आणि वन्संच्या जुन्या चपला दिल्या. त्या त्यांना बरोबर बसतात.

आपली,
विहीण

१२ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं नाही. पहिल्यांदा मनातल्या मनात वाचून बघितलं, वेळ लागला, पण टायरपर्यंत आले तेव्हा बरं झालं असं वाटलं. सूनबाईला फक्त तळ्याचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा मलाही सांगायचे." मग गाडी धुवायला गेली. स्वच्छच होती गाडी.

तुम्ही गेल्यापासून घर मोठं झालंय. नात दोन दिवस मागच्या सीटवर जाऊन बसत होती, वन्संची नक्कल करत, "वहिनी, पिशवी द्या, वहिनी, पिशवी द्या." हे वन्संना सांगू नका. बेकरीवाली विचारते त्या कडक बाई कधी येणार, तुम्ही तिच्या पावाला कोरडा म्हणालात तेव्हापासून ती त्यात जास्त लोणी घालते आहे. न्हाव्यानं गाडीसमोर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की ही बॅटरी एका विहिणीनं पत्रातून दुरुस्त केली. ते फेसवालं गिऱ्हाईक परत आलं होतं. म्हणालं, "मग बिघडलेली होती ना." त्याचं पण खरंच निघालं शेवटी.

चिरंजीवांनी नवे बूट शेजारच्या चांभाराला दिले, ताणून सैल करायला. आता तेच घालून दुकानात जातो.

सूनबाईनं पुढच्या रविवारी वायपर बदलायचे काढले आहेत आणि छोटी बॅटरी तपासायची आहे, ती मागं सामानाच्या जागेत असते म्हणे. मी चावी घेऊन बेकरीत बसणार. वन्संसाठी तिनं मागची सीट थोडी मागं रेलती केली आहे आणि मी वेल उसवून साधं विणलं, मोजायला काही उरायला नको. तुमच्या बाजूला काही करायचं राहिलंय का विचारलं तर म्हणाली, "नाही, आईची बाजू ठीक आहे."

निघताना गाडीत बसल्यावर वन्संनी काच खाली करून सांगितलं होतं की पुन्हा येतो. तुम्ही पुढून "बघू" म्हणाल म्हणून मी वाट बघत उभी होते, तर तुम्हीच दिवस सांगितलात. जूनचा पहिला शनिवार, सहा तारीख, सकाळच्या चहाला.

तुमची विहीण